मासा आणि माशी

गळ टाकणे, गळाला लागणे, आमिष दाखवणे, जाळ्यात सापडणे हे वाक्प्रयोग तुम्ही रोजच्या बोलण्यात सहज वापरता. ते सगळे मासेमारीतून आलेले आहेत. त्यांच्याकडे थोडे थांबून पाहिले, तर ते पकडणाऱ्याच्या बाजूने रचलेले आहेत हे ध्यानात येते. त्यांतला मासा लोभी असतो, मुका असतो आणि शेवटी फसतो. पाण्याखालून त्याला काय दिसते, तो काय पारखतो, कशाकडे पाठ फिरवतो, याचा विचार या वाक्प्रयोगांत नाही. मासेमारीचा एक प्रकार मात्र असा आहे, की माशाच्या बाजूने विचार केल्याशिवाय त्यात काहीच साधत नाही. ट्राउट आणि सॅमन या माशांसाठी कृत्रिम माशी गळावर बांधून केलेली मासेमारी हा तो प्रकार. त्या माशीची निवड कशी करतात, हा या निबंधाचा विषय आहे.

प्रारंभीच एक शब्दव्युत्पत्ती सांगतो, कारण पुढे घोटाळा व्हायला नको. ‘मासा’ हा शब्द संस्कृत ‘मत्स्य’पासून आला आणि ‘माशी’ हा ‘मक्षिका’पासून. दोन्ही शब्द प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आले आणि एकमेकांच्या इतके जवळ येऊन बसले, की ‘माशाचा’ आणि ‘माशीचा’ यांत आता एका स्वराचेच अंतर उरले आहे. इंग्रजीतील ‘फ्लाय’ला मराठीत ‘माशी’ म्हटले की घरात घोंघावणारी माशी डोळ्यांसमोर येते. येथे तो अर्थ नाही. लहानशा गळावर रेशमी दोरा गुंडाळून, त्याला लोकर, पीस, सशाचे किंवा खारीचे केस, तांब्याची बारीक तार असे काही बांधून केलेली कीटकाची आकृती म्हणजे ही माशी होय.

आपल्या कोकणात गरी टाकून मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावलेले असते. ते खरे अन्न असते. माशाला त्याचा वास येतो, चव लागते. कृत्रिम माशीला वास नाही आणि चवही नाही. मासा ती तोंडात घेतो आणि क्षणार्धात थुंकून टाकतो. त्या क्षणापूर्वी त्याला जे काही पटवायचे, ते केवळ आकाराने, हालचालीने आणि पाण्यावर पडलेल्या सावलीने पटवावे लागते. थोडक्यात, ही माशी अन्न नसून अन्नाची खूण आहे. मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे या विषयाकडे ओढला गेलो तो या खुणेपायी. संशोधनाच्या निमित्ताने ऐन तिशीत मी दोन वर्षे एडिंबरा येथे राहिलो. तेथे बोलीशब्दांच्या याद्या चाळताना मला माश्यांची शेकडो नावे भेटली आणि नावांमागोमाग मी नदीवर गेलो.

ही विद्या जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील एका नदीवरची रीत लिहून ठेवली आहे. तेथील कोळी गळाभोवती लाल लोकर गुंडाळत आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधत. खरा कीटकच गळाला का लावत नसत, याचे कारणही तो देतो. माणसाचा हात लागताच त्या कीटकाचा रंग जातो, पंख कोमेजतात आणि मग मासे त्याला तोंड लावत नाहीत. खरी वस्तू निरुपयोगी ठरते आणि तिची खूण कामाला येते, हे अठराशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आले होते.

आता ट्राउटकडे वळू. ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. तो एखाद्या दगडाच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो आणि वाहत येणारे अन्न टिपतो. प्रत्येक वेळी जागा सोडून वर येण्यात त्याची शक्ती खर्च होते. म्हणून ज्या वेळी एखादा कीटक विपुल असतो, त्या वेळी तो पुष्कळदा तेवढाच टिपत राहतो आणि बाकीचे जाऊ देतो. हा हिशेब समजला, की निवडीचा पहिला प्रश्न आपोआप सुचतो. हा मासा या घटकेला काय खातो आहे?

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. मेफ्लाय या नाजूक कीटकाचे उदाहरण घ्या. त्याचे बहुतेक आयुष्य ‘निंफ’ या बाल्यावस्थेत, पाण्याखालच्या दगडांत आणि गाळात जाते. पूर्ण वाढ झाली की निंफ पृष्ठभागाकडे येते, तिची कात फाटते आणि मळकट पंखांचा कीटक पाण्यावर बसून पंख वाळवतो. थोड्या वेळाने तो काठावरच्या झुडपात जातो, पुन्हा एकदा कात टाकतो आणि काचेसारख्या पंखांचा होऊन बाहेर पडतो. पंख फुटल्यावर तो काही खात नाही. त्याचे समागम होतात, मादी पाण्यावर अंडी घालते, आणि दमलेले कीटक पंख पसरून प्रवाहावर मरून पडतात. हा सारा खेळ पुष्कळदा एक-दोन दिवसांत आटोपतो. कीटक एकच, पण माशाच्या दृष्टीने तळातली निंफ, कात फाडून वर येणारा जीव, पाण्यावर ताठ बसलेला कीटक आणि पंख पसरून मेलेला कीटक हे चार वेगळे घास आहेत. माशी निवडणाऱ्याला कीटकाचे नाव माहीत असून भागत नाही. त्याची अवस्था आणि पाण्यातली पातळी ओळखावी लागते.

हे मला शिकवले ते आमच्या जिन्यासमोर राहणाऱ्या एका निवृत्त शिंप्याने. शनिवारी आम्ही बसने पीबल्सला जात असू. तेथे ट्वीड नदी गावाला लागूनच वाहते. काठी जोडून झाली, तरी पहिली पंधरा मिनिटे ते माश्यांची डबी खिशातून काढत नसत. आधी पुलाच्या कठड्यावरची कोळ्याची जाळी पाहत, कारण आदल्या संध्याकाळी कोणते कीटक निघाले होते, ते तेथे अडकलेले असत. मग उथळ पाण्यातला एखादा दगड उलटा करून त्याच्या खालची बाजू न्याहाळत आणि तो दगड पुन्हा होता तसा ठेवत. नंतर काठावर बसून पाण्यावर उठणारी वर्तुळे पाहत. मासा अलगद ओठ लावून काही शोषून घेत असेल, तर ते मेलेले, न पळणारे कीटक असण्याचा संभव असतो. त्याने पाणी उडवले, तर तो बहुधा फडफडत निसटणाऱ्या कॅडिससारख्या कीटकामागे असतो. पाठ आणि पर दिसले पण तोंड वर आले नाही, तर तो पृष्ठभागाच्या लगेच खालच्या निंफ टिपत असतो. एवढे पाहून झाल्यावर डबी उघडली जाई आणि निवडीला अर्धे मिनिटही लागत नसे. ‘कापड पाहण्याआधी माप घ्यावे,’ असे त्यांचे म्हणणे होते.

मापाचा त्यांचा आग्रह शब्दशः खरा आहे. ट्राउटच्या माशीत सर्वप्रथम पाहायचा तो आकार. गळांचे क्रमांक उलटे चालतात. १२ क्रमांकाचा गळ मोठा आणि १८ चा लहान. खऱ्या कीटकापेक्षा एक क्रमांक मोठी माशी पुष्कळदा नाकारली जाते. शंका असेल तर लहान घ्यावी, असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो. त्यानंतर बाह्याकृती, म्हणजे अंग सडपातळ की जाड, पंख उभे की पसरलेले. त्यानंतर वागणूक, म्हणजे माशी तरंगते की बुडते, प्रवाहाबरोबर मोकळी वाहते की दोरीने ओढली जाते. रंगाचा क्रम शेवटचा.

रंग शेवटी का, याचे उत्तर पाण्याखाली गेल्यावर मिळते. खालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग केवळ सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, म्हणजे डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. खिडकीच्या बाहेरचा पृष्ठभाग त्याच्यासाठी आरसा असतो आणि त्यात नदीचा तळ उमटलेला असतो. तरंगत येणाऱ्या कीटकाची पहिली चाहूल लागते ती त्या आरशावर. कीटकाचे पाय पाण्याला जेथे दाबतात, तेथे प्रकाशाचे ठिपके दिसतात. मग तो खिडकीत आला की उजळ आकाशासमोर त्याची काळपट आकृती दिसते. तरंगत्या माशीच्या मानेभोवती कोंबड्याच्या पिसाचे ताठ केस वर्तुळाकार गुंडाळतात, ते या पायांच्या ठिपक्यांसाठी. वरून पाहणाऱ्या आपल्याला ते कीटकासारखे दिसतही नाहीत.

तुम्ही अनुकरणवाचक शब्दांचा अभ्यास केला असेल. कुत्र्याच्या आवाजाला मराठी मूल ‘भू भू’ म्हणते. इतर भाषांतील मुले वेगळे म्हणतात, आणि कुत्रा यांपैकी काहीच म्हणत नाही. अनुकरण म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. मूळ वस्तूतील दोन-तीन गुण उचलायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, असे त्याचे स्वरूप असते. मात्र कोणते गुण उचलायचे, हे ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. मराठी कानाला जे ध्वनी ओळखीचे, त्यांतूनच आपला ‘भू भू’ घडतो. ट्राउटची माशीदेखील असेच निवडक अनुकरण असते आणि तिचे गुण माशाच्या डोळ्याने ठरवलेले असतात.

अनुकरण किती बारकाईने करावे, याविषयी ब्रिटनमध्ये मोठे वाद झाले. १४९६ साली छापल्या गेलेल्या एका इंग्रजी प्रबंधात महिन्यांनुसार १२ माश्या सांगितल्या आहेत. १८३६ मध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्स याने खऱ्या कीटकांची आणि त्यांच्या प्रतिकृतींची चित्रे शेजारी शेजारी मांडून या छंदाला कीटकशास्त्राची जोड दिली. १८५४ मध्ये विल्यम ग्रीनवेल या धर्मोपदेशकाला ट्वीडवर आपल्या माश्या मासे घेत नाहीत असे दिसले. त्याने पाण्यावरचे कीटक धरले आणि काठावरच्या गावातील जेम्स राइट या कारागिराकडे नेले. राइटने पिवळे रेशीम आणि काळ्या पक्ष्याच्या पंखाचे पीस वापरून जी माशी बांधली, ती ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ या नावाने आजही डब्यांत असते. नाव पाहणाऱ्याचे राहिले, बांधणाऱ्याचे नाही, हेही भाषेच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे.

याच्या उलट बाजूला डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट हा स्कॉटिश लेखक होता. १८५७ च्या पुस्तकात त्याने थोड्याच साध्या माश्या पुरेशा मानल्या आणि त्या माशाच्या मागून, प्रवाहाच्या उलट दिशेने, अलगद टाकण्यावर भर दिला. पुढे दक्षिण इंग्लंडमधील नितळ नद्यांवर हॅलफर्डचे अनुयायी केवळ तरंगत्या माशीचाच आग्रह धरू लागले आणि स्क्यूज याने पाण्याखालच्या निंफची बाजू मांडली. हा वाद इतका पेटला, की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. या साऱ्या वादात दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत होत्या. मासा भुकेला आहे आणि आपली माशी त्याच्या अन्नाची खूण आहे, हे सर्वांनाच मान्य होते.

सॅमनपाशी आल्यावर हा पायाच निखळतो. येथेही नावाचा एक खुलासा आवश्यक आहे. मुंबईच्या उपाहारगृहांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो मासा मिळतो, तो आपला रावस होय. त्याचा खऱ्या सॅमनशी नातेसंबंध नाही. अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो, तेथे काही वर्षे वाढतो, समुद्रात जातो, तेथे भरपूर खाऊन मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मनदीतच परत येतो. परतीच्या प्रवासात, गोड्या पाण्यात शिरल्यावर, तो खाणे थांबवतो. अंगातल्या साठ्यावरच तो महिनोन्‌महिने काढतो. मग ‘हा मासा काय खातो आहे?’ या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. तरीही तो कधीकधी माशी तोंडात घेतो. लहानपणी याच नदीत किडे टिपल्याची सवय, समुद्रातल्या शिकारीची आठवण, आपल्या जागेत कोणी शिरल्याचा राग किंवा नुसते कुतूहल, अशी अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. मासा बोलत नसल्याने हा वाद मिटलेला नाही.

म्हणून सॅमनची माशी निवडताना कीटकाऐवजी पाणी पाहावे लागते. पाणी थंड, चढलेले आणि गढूळ असेल, तर मासा खोल आणि सुस्त असतो. तेव्हा मोठी, जड माशी बुडणाऱ्या दोरीवर खोल न्यावी लागते. पाण्याचे तापमान साधारण ९ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की मासा पृष्ठभागाकडे उठायला तयार होतो. मग तरंगती दोरी आणि मध्यम माशी. उन्हाळ्यात पाणी उतरून नितळ झाले, की १० किंवा १२ क्रमांकाची बारीक, विरळ माशी. रंगाविषयी ढोबळ प्रघात असा, की पीटच्या मातीने चहासारख्या झालेल्या पाण्यात नारिंगी आणि पिवळा, निवळ पाण्यात काळा किंवा निळा. डी नदीवर दीर्घकाळ मासेमारी करणारे ए. एच. ई. वुड हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे नावाजलेले जाणकार. ते ‘ब्लू चार्म’सारख्या दोन-तीन नमुन्यांवरच काम भागवत आणि माशीच्या रंगापेक्षा तिचे आकारमान व पाण्यातली चाल यांना महत्त्व देत.

आणि तरीही व्हिक्टोरियाच्या काळातील सॅमनच्या माश्या पाहिल्या, तर डोळे दिपतात. १८९५ मध्ये जॉर्ज केल्सन याने लिहिलेल्या ग्रंथात शेकडो नमुने आहेत. ‘जॉक स्कॉट’ ही त्या काळातील प्रसिद्ध माशी जवळजवळ डझनभर प्रकारच्या पिसांनी बांधली जाई. साम्राज्याच्या जहाजांतून दक्षिण अमेरिकेतील, आशियातील आणि आफ्रिकेतील पक्ष्यांची पिसे येत. त्यांत एक पीस आपल्या परिचयाचे आहे. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवर, लाखेचा थेंब वाळावा तसे चकचकीत ठिपके असलेली पिसे असतात. ती पिसे सॅमनच्या माशीच्या दोन्ही गालांवर डोळ्यांसारखी बांधत. स्कॉटलंडच्या नदीत बुडणाऱ्या त्या गळावर आपल्या घाटातला पक्षी बसलेला असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता या पक्ष्याला आपल्याकडे संरक्षण आहे.

ही पिसांची भूक अजूनही पुरती शमलेली नाही. जून २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली. त्यांतील काही आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात गोळा केलेली होती. चोरणारा संगीताचा विद्यार्थी होता आणि जुन्या पद्धतीच्या सॅमनच्या माश्या बांधण्यात निष्णात होता. त्या माश्यांपैकी बहुतेक कधी पाण्यात पडणारच नव्हत्या. त्या चौकटीत लावण्यासाठी बांधल्या जातात. अभ्यासासाठी ठेवलेल्या पक्ष्यांवरची स्थळ-काळाच्या नोंदीची लेबले तोडली गेली आणि त्यांबरोबर ते ज्ञानही गेले. नदीतल्या माशाने यांतले काहीच मागितले नव्हते. आज सॅमनसाठी सर्रास वापरली जाणारी ‘स्टोट्स टेल’ ही माशी काळ्या केसांचा एक झुबका आणि चंदेरी तारेचे चार वेढे एवढ्यातच संपते, आणि मासे तिलाही येतात.

कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये भाषेची तीन कार्ये सांगितली. वस्तूचे प्रतिरूप मांडणे, बोलणाऱ्याची अभिव्यक्ती करणे आणि ऐकणाऱ्याला आवाहन करणे, ही ती तीन. माश्यांच्या डबीत मला ही तिन्ही कार्ये सुटी सुटी दिसली. ट्राउटची माशी प्रतिरूप मांडते. सॅमनची साधी माशी कशाचेच प्रतिरूप नसते. ती नुसती हाक मारते. आणि रानकोंबड्याच्या पिसांनी नटलेली माशी बांधणाऱ्याविषयीच सारे काही सांगते. लेखनातही असे होते. वाचकासाठी निवडलेला शब्द आणि स्वतःच्या हौसेसाठी मिरवलेला शब्द दुरून सारखेच चमकतात, पण दुसऱ्यासाठी कुणाचे तरी पंख उपटलेले असतात.

स्कॉटलंडहून परतल्यावर मी काही वेळा हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर गेलो. हिमालयातील ब्राउन ट्राउट मूळचा तेथला नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी काश्मीर आणि कुलू येथे अंडी उबवून तो नद्यांत सोडला. आज मत्स्यविभागाचा परवाना घेऊन तेथे मासेमारी करता येते. मासा तोच, पण महिने वेगळे, कीटकांच्या जाती वेगळ्या आणि नदीचा दिवस वेगळा. बर्फ वितळण्याच्या दिवसांत सकाळी पाणी नितळ असते आणि दुपारनंतर दुधाळ होत जाते. माझ्याबरोबर येणारा स्थानिक तरुण सकाळी बारीक, काळपट निंफ बांधी आणि दुपारी त्याहून दुप्पट मोठी, गडद माशी. त्याच्या माश्यांना नावे नव्हती. घरच्या कोंबड्याचे पीस आणि विणकामातून उरलेली लोकर यांतून त्या बनलेल्या होत्या. ईलियनच्या मॅसिडोनियन कोळ्यांना त्या परक्या वाटल्या नसत्या. ट्वीडवर पाठ केलेली नावांची यादी येथे फारशी कामाला येत नव्हती. कोणता कीटक, कोणती अवस्था, कोणती पातळी, केवढे माप, पाण्याचा रंग कोणता, हे प्रश्न मात्र जसेच्या तसे कामाला आले. उत्तरे नदीनुसार बदलतात. प्रश्न सोबत नेता येतात.

या निवडीत आणखी एक प्रश्न आता सामील झाला आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अटलांटिक सॅमनची जागतिक नोंद ‘संकटसमीप’ अशी केली आणि ग्रेट ब्रिटनमधील सॅमन ‘संकटग्रस्त’ ठरवला. स्कॉटलंडमध्ये काठीने पकडलेले बहुतेक सॅमन आता पुन्हा नदीत सोडले जातात. त्यामुळे पिसाबरोबर गळाचीही निवड करावी लागते. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट केला, तर मासा हातात न घेता पाण्यातच सोडवता येतो. पाणी २० अंशांच्या आसपास तापले, तर दमलेला मासा सोडूनही वाचेल याची खात्री नसते. त्या दिवशी कोणतीच माशी न बांधणे ही योग्य निवड ठरते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, खाडीकाठी वाढले. गरी टाकून त्यांनी आणलेल्या तांबोश्या आणि शेंगट्या आमच्या घरात रात्रीचे जेवण असत. स्कॉटलंडच्या सुट्टीत घरी आलो असता, मासा धरून परत सोडतात हे मी त्यांना सांगितले. त्यांनी जाळे विणता विणता मान वर केली आणि विचारले, “मगे धरलंस कित्याक?” मग धरलास कशाला? मी अनुकरणाविषयी, कीटकांविषयी, नदीच्या निरीक्षणाविषयी बरेच काही बोललो. ते सर्व त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विणायला लागले. त्यांच्या प्रश्नात पोटासाठी मासा मारणाऱ्याचे एक नीतिशास्त्र होते. भुकेशिवाय जिवाला ताण देऊ नये, असे ते शास्त्र सांगते. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. एवढे मात्र झाले, की सॅमनच्या नदीवर मी पुन्हा गळ टाकला नाही, आणि ट्राउटच्या नदीवर पुष्कळदा काठी न जोडताच बसतो. दगड उलटून पाहतो, जाळ्यांतले कीटक पाहतो, वर्तुळे मोजतो, या घटकेला कोणती माशी बांधली असती ते मनाशी ठरवतो आणि उठतो. निवड पूर्ण होते. मासा आपल्या जागी राहतो.

वाचकहो, तुमची तुलना माशाशी करण्याचा अविनय मी करणार नाही. तरी दूरशिक्षणाची पुस्तिका लिहिणाऱ्याची स्थिती काठावरच्या माणसासारखीच असते, हे मान्य करायला हवे. तुम्ही मला दिसत नाही. कोणी दिवसभराची नोकरी आटोपून हे पान उघडले असेल, कोणी मुलांना झोपवून, कोणी वीस वर्षांनी पुन्हा हातात पेन घेऊन. तुम्ही कोणत्या पातळीवर आहात, पाणी नितळ आहे की गढूळ, भूक आहे की केवळ थकवा, हे मला अंदाजानेच ठरवावे लागते. आणि आता लिहिण्याची पाळी तुमचीही आहे. स्वाध्याय असो, अर्ज असो किंवा गावी धाडायचे पत्र असो, शब्द निवडण्यापूर्वी ते कोण वाचणार आहे आणि कोणत्या अवस्थेत वाचणार आहे, हे पाहा. माझे शिंपी शेजारी पंधरा मिनिटे डबी उघडत नसत. तेवढा वेळ कोऱ्या कागदासमोर गेला, तर तो वाया गेला असे समजू नका.